सासऱ्यांच्या नावातलं पाणी

३ जून २००९
लुम्काचं पुस्तक आलं! छापील, आमच्या खोसा भाषेत, माझ्या नातीनं लिहिलेलं! मी तिसरीपर्यंतच शिकलेली, पण सगळे ज्याबद्दल बोलतायत ते पान मी बरोबर शोधून काढलं. पुस्तकातली सून गुरांच्या गोठ्यात उभी राहून सासऱ्याचं नाव मोठ्यानं घेते. नाव खरंखुरं — आमच्याच सासऱ्यांचं!
ते नाव सुनेनं उच्चारायचं नाही, त्यातले शब्दही नाहीत; मी अजून इथं वहीतही लिहीत नाही. त्या नावात पाणी हा शब्द आहे आणि आभाळही आहे. म्हणून सतराव्या वर्षी या घरात आले तेव्हापासून, एक चूक सोडली तर, मी पाण्याला पाणी म्हटलं नाही, आभाळाला आभाळ म्हटलं नाही. सुनांचे शब्द वेगळे. सासू शिकवते, तेच बोलायचे. माझं स्वतःचं नावसुद्धा इथंच बदललं, नोझामिले केलं. पंचावन्न वर्षं झाली.

४ जून
जाऊबाई नोवेथू कुंपणापाशी येऊन ओरडून गेली. "तू शिकवलंस तेच पोरीनं लिहिलं! लाजा सोडल्यात दोघींनी!" हिला एक अक्षर वाचता येत नाही, पण पानाचा नंबर तोंडपाठ. मी म्हटलं, "हळू ओरड गं, चारच दात राहिलेत." फार बरं वाटलं.

७ जून
दीर झोलिले आले, काठी आपटत. माझा नवरा गेल्यापासून घरातले वडील पुरुष तेच.
"वहिनी, शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पुस्तकाचं वाचन आहे, तिथं त्या पोरीनं ते पान वाचायचं नाही."
"का बरं?"
"पूर्वजांना राग येतो."
"तुम्हाला येऊन सांगितलं वाटतं त्यांनी?"
मग चेहरा एकदम थंड. "वाचलं, तर तुम्हाला माझ्या भावाशेजारी पुरणार नाही. इथं कोणाला जागा द्यायची ते मी ठरवतो."
मेल्या! गोठ्याच्या कुंपणालगत नवरा आहे, त्याच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी माती मी चौदा वर्षं झाडून ठेवलीय. दुसरीकडे कुठं जाऊ मी?
राजमा घालून मका शिजवला होता. जेवले नाही. कुत्र्याची चैन झाली.

८ जून
अजून राग.

१० जून
लुम्काचा फोन. "आजी, मी ते पान गाळते. तुझी जागा जायला नको."
"खबरदार! मग मी त्या हॉलमध्ये पाऊलच टाकणार नाही."
रडत होती पोर. मग तिला हसवायला शेळीची गोष्ट सांगितली. लग्नाला दोन महिने झाले होते. हातातून घडा पडला आणि मी म्हटलं, अगंबाई, पाणी सांडलं! बस्स, एवढंच. सासूनं घड्याचे तुकडे गोळा केले आणि मला माहेरी धाडलं. दंडाची शेळी आणल्याशिवाय परत यायचं नाही. बाप शेळी हाकत मला घेऊन आला. शेळी लंगडी होती. मुद्दाम निवडली होती त्यानं! वर सासऱ्यांना म्हणाला, चूकही लहानच होती ना.
लुम्का हसली. पण मला तेव्हाचं आठवून परत संताप आला. वाटभर शेळीमागं मान खाली घालून चालले होते मी.

१३ जून
गच्च भरला होता हॉल. आधी शहरातले एक विद्वान बोलले. सुटाबुटातले. "आपल्या मायभगिनींची ही भाषा किती गोड, किती आदराची!" गोड म्हणे! ये बाबा, वर्षभर माझ्या चुलीपाशी बैस आणि पाणी न म्हणता पाणी माग!
मग लुम्का उठली. त्या पानावर आली. झोलिले काठी आपटायला लागले — ठक, ठक, ठक. पोरीचा आवाजच गेला.
मग मी उठले. गुडघे दुखत होते तरी उठले. म्हटलं, "मान्झेझुलू!" लिहिलं बघ, इथंही लिहिलं! "माझ्या सासऱ्यांचं नाव मान्झेझुलू! आणि माझ्या नातीला कोणीतरी पाणी द्या!"
छप्पर पडलं नाही. कोणी हसलंही नाही. बायका खाली बघत होत्या, नोवेथू सगळ्यात जास्त.
झोलिले म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलंत. हिची शवपेटी आमच्या आवारात यायची नाही."
लुम्कानं पान शेवटपर्यंत वाचलं. खणखणीत!

१४ जून
नवऱ्याच्या थडग्यापाशी जाऊन सगळं सांगितलं. जिवंतपणीही असाच गप्प बसायचा.
हसू येतं, आणि मध्येच मनात येतं. खरंच नाही पुरलं तर?

१५ जून
नोवेथू आली. मी दारातच उभी राहिले, म्हटलं आता काय ऐकवतेस.
म्हणाली, "त्या काठीवाल्यांना सांगून आले. नोझामिलेला जागा नाही, तर तुमच्या मयताला या घरातली एकही सून बिअरचं धान्य भिजत घालणार नाही. बिअरशिवाय कसे पुरतात ते बघू. आणि वयानं आता रांगेत तुम्हीच पुढं आहात."
"मग? काय म्हणाले?"
"काय म्हणतात! काठी ठेवली कोपऱ्यात."
चहा दिला. तीन चमचे साखर घातली मेलीनं. घालू दे.