दुकानामागचा ढीग

सोमवार, ४ मार्च

आज दुकानातला पंखा उचलून घरी आणला. मालकांना विचारलं, तर म्हणाले, "भंगार आहे, न्या." म्हणजे चोरी नाही. तरी बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले तेव्हा चोरट्यासारखंच वाटत होतं.

'जुनं द्या, नवं न्या' योजना सुरू झाल्यापासून दुकानामागच्या मोकळ्या जागेत ढीग लागलाय. मिक्सर, इस्त्र्या, पंखे. पलीकडच्या गल्लीतले शिंपीकाका सकाळी त्यांचा निळा टेबलफॅन देऊन नवा घेऊन गेले. नवा गळ्यात मारला मीच. जाताना त्यांनी जुन्यावरून हात फिरवला — परगावी निघालेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

दुपारी टेम्पोवाला आला. सहज विचारलं, हे सगळं जातं कुठे? "खाणीच्या खड्ड्यात. तांबं काढून घेतात, उरलेलं पेटवून देतात." रोजचीच गोष्ट सांगावी तसं सांगितलंन. टेम्पो भरायच्या आत मी शिंपीकाकांचा पंखा बाजूला काढला.

नवऱ्याने दारातच विचारलं, "आता भंगारही घरपोच का?" सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. एका बोटाने पातं फिरवून बघितलं आणि आत गेल्या. त्यांचं असंच. घरात असतात, पण नसल्यासारख्या.

मंगळवार, ५ मार्च

सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर मागितला. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली.

बुधवार, ६ मार्च

पंखा चालला!

आज कळलं, सासूबाई पूर्वी पंख्यांच्या कारखान्यात होत्या म्हणजे काय करत होत्या. मला आपलं वाटायचं, खोकी भरत असतील. विचारलं कधी होतं? तर त्या वाइंडिंगवर होत्या — मोटारीत तांब्याची तार भरायची. ओळीने सगळ्या बायकाच. "तिथं पुरुष टिकत नसत," म्हणाल्या, "त्यांना धीर नसतो." नवरा शेजारीच जेवत होता. त्याने निमूट मान खाली घातली.

पंखा उघडायच्या आधी त्यांनी नाक लावून वास घेतला. "जळकट येत नाही. म्हणजे वाइंडिंग शाबूत आहे. दांडा ज्यात फिरतो ती बुश कोरडी पडलीये नुसती." धूळ पुसली, जुनं चिकट तेल काढलं, नवं दोन थेंब सोडलं. बटण दाबलं तर असा वारा सुटला की त्यांचे केस विस्कटून तोंडावर आले, आणि त्या हसायला लागल्या. खळखळून. ह्या घरात आल्यापासून मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं.

शनिवार, ९ मार्च

पंखा शिंपीकाकांकडे नेऊन दिला. त्यांनी तो लगेच लावला आणि कान देऊन ऐकला. मग म्हणाले, "नवा आता मुलीकडे देतो. मला ह्याच्या आवाजात झोप लागते."

गुरुवार, २१ मार्च

जेवायचं टेबल गेलं. त्यावर दोन इस्त्र्या, एक मिक्सर आणि शेजारणीचा हेअर ड्रायर. जेवण मांडीवर. नवरा कुरकुरतो, पण काल ऑफिसातल्या कोणाची तरी किटली तोच घेऊन आला!

माझा हात बसत चाललाय. घाई केली की सासूबाई ओरडतात. "अगं, आधी बघ. मग वास घे. मग उघड." एरवी दिवसाला दोन वाक्यं बोलणारी बाई आता जरा श्वास घेऊ देत नाही.

शुक्रवार, २२ मार्च

घोटाळा झाला.

एक नवराबायको मिक्सर बदलायला आले होते. मी भांडं उलटं करून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "ह्याचं नुसतं कपलर, ही खालची दातेरी चकती, झिजलंय. कोपऱ्यावर मिळेल, घरीच बसवा." दोघं खूश होऊन निघून गेले. मागे वळते तर मालक उभे.

"बाई, तुम्ही नोकरी माझ्याकडे करता की माझ्याविरुद्ध?"

खोटं बोलून नवा मिक्सर विकणं आता जमणार नाही, एवढंच सांगितलं. "मग घरी बसा," म्हणाले.

घरी येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

शनिवार, २३ मार्च

चांगले कपडे घालून, हत्यारांची पिशवी घेऊन सासूबाई थेट मालकांच्या केबिनमध्ये. मी दारात उभी.

"तुमच्या ढिगातली सगळ्यात वाईट वस्तू द्या," म्हणाल्या.

मालकांनी चेष्टेत एक जळका पंखा पुढे केला. काळाठिक्कर. सासूबाईंनी जळकी तार उपसून काढली, मला तारेच्या दुकानात पाठवून नवी आणवली आणि मागच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. मालक आधी पाण्याच्या निमित्ताने आले. मग फोन करायला. मग निमित्तही संपलं, सरळ खुर्ची ओढून बसले. तारेवरचं वॉर्निश वाळेपर्यंत गिऱ्हाइकंही घुटमळत होती.

शेवटी बटण मालकांनीच दाबलं. पंखा फिरला. तरी मालक ते मालक. "सगळं दुरुस्तच व्हायला लागलं तर माझं नवं कोण घेणार?"

सासूबाई हात पुसत म्हणाल्या, "ज्यांना घ्यायचंय ते घेतीलच. इथं दुरुस्ती होते म्हटल्यावर 'हे दुरुस्त होणार नाही' असं तुम्ही सांगितलंत, तर लोक ते खरं मानतील. आज मानतात का?"

मालकांनी डोकं खाजवलं. मग विचारलं, "तुमचं टेबल कुठं टाकू? मागे?"

"मागे कशाला? पुढे, दारात."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. माझी नोकरी राहिली, हे त्या गडबडीत मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

रविवार, ७ एप्रिल

टेबलापुढे रांग. एक आजोबा रेडिओ नीट झाल्यावरही जाईनात. सासूबाईंना म्हणाले, "अजून काहीतरी बिघडवून आणतो."

मंगळवार, ३० एप्रिल

काम हाताबाहेर गेलंय. वाइंडिंगवरच्या जुन्या मैत्रिणींना शोधून आणते म्हणून सासूबाई सकाळीच बाहेर पडल्या. मी विक्रीच्या काउंटरवर. एक बाई जळका पंखा घेऊन आली. दारातलं टेबल रिकामं बघून तिने विचारलं, "वाइंडिंगवाल्या बाई नाहीत का?"

मी काउंटर सोडून टेबलाशी आले. पंखा पुढे ओढला, नाक लावून वास घेतला.

"आहेत की," मी म्हटलं. "बसा."