आईच्या सहीपुरतं पेन

ता. ४ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईचं आधी सांगते, नाहीतर तू पत्र उलटंपालटं करून तेच शोधत बसशील. चालते, जेवते, मला रागावते. उजवा हात मात्र आजारपणानंतर अजून रुसलेलाच आहे. महिनाअखेरीस पेन्शनच्या कचेरीत हयातीच्या दाखल्यावर सही करायची आहे. शेजारच्या वकीलबाई सहज म्हणाल्या, की अंगठा लावला तरी चालतो. तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नाही. जन्मभर पोरांकडून अक्षर गिरवून घेतलं आणि आता मी अंगठा उठवू का, असं मला विचारत होती.

दुकानातली बारीक पेनं तिच्या बोटांतून निसटतात आणि मी कातते ती नेहमीची लाकडी पेनं तिला जड होतात. म्हणून मागच्या अंगणात पडलेल्या झाडाचं लाकूड घेतलं. बुरशीनं काळ्या रेघा उमटल्यात, दिसायला सुरेख आणि वजनाला काहीच नाही. लेथवर चांगलं जाडजूड कातलं. पण मेलं लाकूड आहे की स्पंज? लेप म्हणून सुपर ग्लूचा हात दिला की गट्टम. लेप नाही दिला तर हाताच्या घामानं चार दिवसांत काळं पडेल, आणि मळकं पेन आई हातात धरणार नाही हे तुला मी काय सांगू. थरावर थर चढवले तर चकाकी राहिली बाजूला, पांढुरके डाग आले आणि नखानं पापुद्रे निघाले. दोन पेनं गेली. आता एकाच पेनापुरतं लाकूड उरलंय.

तू आयुष्यभर फर्निचरला पॉलिश केलंस, काहीतरी सुचव. माया भरपूर पाठव, उपदेश जरा कमी असला तरी चालेल.
तुझी,
भुंगा

ता. १३ मार्च
चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या त्या गोंदाचा मला मनस्वी तिटकारा. कपाटाला असलं काही फासलं असतं तर तुझ्या आजोबांनी कारखान्यातून हाकलून दिलं असतं. पण ताईनं अंगठा उठवायचा आणि मी इथे खुर्चीत बसून राहायचं, हे व्हायचं नाही. गोंद तर गोंद. खोक्याच्या फळीचे हलके तुकडे आणले आणि लागलो कामाला. तुझ्यासारखेच डाग, तुझ्यासारखेच पापुद्रे. दार, चष्मा, मी, सगळं चिकट झालं. तुझी मामी म्हणते, या घरात आता कुणी रुसून निघून जायची सोयच उरली नाही.

मग तिनंच दारात उभं राहून विचारलं, की गोंदच लावायचा आहे तर आधी ते तेलाचं फडकं कशाला फिरवता. मी हातातल्या फडक्याकडे बघतच राहिलो. लाकूड दिसलं की आधी जवसाचं तेल, ही आपल्या घराची खोड. तू पत्रात सगळं लिहिलंस, तेलाचं लिहिलं नाहीस, कारण ते आपण करतो हे तुझ्या लक्षातही येत नाही. खरं सांग, फिरवलंस ना? तेलावर गोंद धरेल कसा?

आता ऐक. कोरडं लाकूड घे. पातळ गोंद दे, पिऊ दे, आपोआप वाळू दे. वाळवायचा फवारा मारू नकोस, त्यानंही डाग येतात. लाकूड पुरे म्हणेपर्यंत पाजत राहा. भोकं दिसली तर त्याचाच भुसा गोंदात कालवून भर. मग जाडसर गोंदाचे हलके हात, आणि शेवटी पाणी लावून बारीक, त्याहून बारीक पॉलिश पेपर. माझ्या तुकड्यात खिडकीचे गज दिसले. गोंदाबद्दल बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो.

ताईला जप. स्वतःलाही जप.
मामा

ता. २४ मार्च
ती. मामास,
सा. न. वि. वि.

फिरवलं होतं रे. तिन्ही त्रिकाळ फिरवते. तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला आणि तेलाची बाटली माळ्यावर टाकली.

शेवटचा तुकडा लेथवर चढवला. सगळं तू सांगितलंस तसं केलं, आणि अगदी शेवटी जास्त घासलं गेलं नि एका जागी लेप निघून पार लाकूड दिसलं. लेथ बंद करून यथेच्छ रडले. मग तोंड धुतलं आणि पहिल्या हातापासून पुन्हा सुरुवात केली. आता त्यावर ओला हात ठेवला तरी डाग पडत नाही आणि चकाकतं असं, की आईनं चष्मा पुसून पाहिलं. बरं आहे म्हणाली. तिच्या तोंडून बरं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या कडांवर सह्या गिरवत बसलेली असते. वेड्यावाकड्या येतात, पण येतात. परवा कचेरीत जायचं. मला भीती वाटते, तिला वाटत नाही.

मामीला माझा नमस्कार सांग, खरी कारागीर तीच.
भुंगा

ता. २९ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अक्षराला हसू नकोस. या पत्राला दोन दिवस लागले. तू सांग, मी लिहिते, म्हणून लेक मागे लागली होती. तिला खोलीबाहेर काढलं.

कचेरीत कारकुनानं माझा हात पाहिला आणि शाईचा पॅड पुढे केला. मी तो बाजूला सारून सही केली. त्यानं जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली, जुळत नाही म्हणाला. लेकीला रडू फुटायच्या बेतात होतं. मी पाहिलं, खरंच जुळत नव्हती. त्याला म्हटलं, "ती सही आजारी पडण्याआधीची आहे. मी आताची आहे. नमुना बदला."

त्यानं कोरा कागद दिला, तीन ठिकाणी करा म्हणाला. मागची रांग खोळंबली. मी सावकाश केल्या. त्यानं तिन्ही निरखून पाहिल्या.

तिन्ही एकमेकींशी जुळल्या.

उत्तर मला लिही, तिला नको.
तुझी,
ताई