खुशबूचा दाखला अडवणारा माझा आक्षेप मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, साकोली, जि. भंडारा

मार्फत : मा. मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, एकोडी

अर्जदार : डोमा लक्ष्मण शहारे, वय ६६ वर्षे, सेवानिवृत्त कनिष्ठ सहाय्यक, रा. एकोडी, ता. साकोली

विषय : कु. खुशबू इश्वर नंदेश्वर, इयत्ता दुसरी, हिचा शाळा सोडल्याचा दाखला देऊ नये असा जो आक्षेप मी घेतला होता, तो रद्द करून दाखला तातडीने मिळणेबाबत.

संदर्भ : माझाच दि. २९/१२/२०२५ चा आक्षेप अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, संदर्भीय अर्ज मी स्वतः लिहिला, स्वतः साकोलीस आणून आपल्या कार्यालयात दाखल केला व त्याची पोच घेतली. त्या अर्जामुळे आपण नियमाप्रमाणे दाखला थांबवून चौकशी लावली. यात आपल्या कार्यालयाचा किंवा शाळेचा काहीही दोष नाही. दोष कोणाचा, हे कागदावर यावे म्हणून हा अर्ज थोडा लांबला आहे. आपण तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

१. कु. खुशबू ही माझी नात, माझी एकुलती एक मुलगी हर्षा हिची मुलगी. जावई इश्वर नंदेश्वर हे मे २०२१ मध्ये कोविडने वारले. हर्षा त्या वेळी साकोलीच्या एका खाजगी दवाखान्यात परिचारिका होती. दिवसभर इतरांच्या नवऱ्यांना ऑक्सिजन लावत होती, पण भंडाऱ्याला भरती असलेल्या स्वतःच्या नवऱ्याजवळ तिला जाता आले नाही. त्यानंतर तिने त्या दवाखान्यात आठ महिने काढले. एक दिवस मला म्हणाली, “बाबा, मले इथल्या त्या वार्डात आता पाय ठेवावासा वाटत नाही. दूर कुठं काम भेटलं तं जाईन.” नागपुरात खोली घेऊन ती जर्मन भाषा शिकली, परीक्षा पास झाली आणि मार्च २०२३ मध्ये जर्मनीला गेली. खुशबू तेव्हा साडेचार वर्षांची होती. घर मिळाले की वर्षभरात मुलीला घेऊन जाईन, असे ठरले होते.

२. त्या एका वर्षाची जवळपास तीन वर्षे झाली. असे का झाले, हे माझ्या आक्षेपात मी लिहिले नव्हते, म्हणून येथे नमूद करतो.

तिकडे एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात ती कामाला लागली. येथे ती सहा वर्षांची अनुभवी परिचारिका. तेथे परीक्षा देऊन परिचारिकेची मान्यता मिळेपर्यंत मदतनीस. इंजेक्शनला हात लावायचा नाही. म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, भरवणे, चादरी बदलणे एवढेच काम. नागपुरात शिकलेली भाषा त्या गावात कोणी बोलत नव्हते. त्यांची बोली वेगळी. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चार वाजता अंधार पडायचा. ती मला म्हणाली होती, “लोकं चांगले हायेत बाबा. पन दिवसभर मले ‘पुन्हा सांगा, पुन्हा सांगा’ म्हनावं लागते. स्वतःचीच लाज येते.”

तेथील एका आजोबांनी, क्रूगर त्यांचे नाव, तिला बोली शिकवली. ती भरवायची तेव्हा ते एकेक वस्तू दाखवून नाव विचारायचे आणि चुकले तर तोंड मिटून घ्यायचे. हे ती मला फोनवर हसून सांगायची. मान्यतेच्या परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली, त्याच आठवड्यात क्रूगर वारले. त्यांच्याकडे माणूस गेला की खोलीची खिडकी उघडतात. ते काम तिच्याकडे आले. खिडकी उघडून ती त्यांच्या उशाशी बसून राहिली. कोणी तिला उठवले नाही. त्या दिवशी फोनवर तिने मला एवढेच सांगितले, “आज मले बसू देल्लं.”

जुलै २०२४ मध्ये ती परीक्षा पास झाली व परिचारिका म्हणून कायम झाली.

३. त्यानंतर घराचा शोध. मुलीला बोलावण्यासाठी ठरावीक मापाचे घर दाखवावे लागते. घरमालक आधीच्या घरमालकाचे पत्र मागत, आणि तिचे आधीचे घर म्हणजे आश्रमाने दिलेली, आणखी दोघींसोबतची खोली. एकाने विचारले, स्वयंपाकाचा वास येईल का. एकीने विचारले, मूल दुपारी आवाज करील का, कारण तेथे दुपारी शांतता पाळतात. हर्षाने सांगितले, माझी मुलगी दुपारी झोपते. खुशबू दुपारी कधीच झोपत नाही, बोडीच्या पाळीवर, म्हणजे गावतळ्याच्या बांधावर, असते. पण हर्षाला ते माहीत असायला ती येथे नव्हती. अशी वर्षभर घरे पाहिल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये तिला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तिने खुशबूचा पलंग लावला आणि आम्हाला फोनवरून फिरवून घर दाखवले. शेजारच्या शाळेत नाव घातले. वर्गात दप्तर अडकवण्याची खुंटी असते, तिच्यावर खुशबूच्या नावाची चिठ्ठी लागली, तिचा फोटो तिने पाठवला. नोव्हेंबरात खुशबूचा व्हिसा झाला. “जानेवारीत पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन येतो, शाळेचा दाखला काढतो आन पोरीले घेऊन जातो,” असे ती म्हणाली. माझी पत्नी वच्छला त्या दिवशी रडली, पण तिने लगेच लोकर आणून स्वेटर विणायला घेतले.

मी दि. २९ डिसेंबर रोजी बँकेत पासबुक भरायला जातो असे वच्छलाला सांगून साकोलीस आलो आणि संदर्भीय अर्ज दिला.

४. महोदय, मी लाखांदूर पंचायत समितीत एकवीस वर्षे आवक-जावक सांभाळली. कोणता कागद कसा पुढे जातो आणि कसा थांबतो, हे मला चांगले कळते. त्या अर्जात मी लिहिले की, आजी-आजोबा हे विद्यार्थिनीचे प्रत्यक्ष पालक असून आईच्या परदेशातील निवासाची, नोकरीची व मुलीच्या सुरक्षिततेची खात्री होईपर्यंत दाखला देऊ नये. सोबत सात कागदपत्रांची मागणी केली व त्यांची प्रमाणित मराठी भाषांतरे असावीत अशी अट घातली. ते कागद मिळण्यास किती आठवडे लागतील, याचा अंदाज घेऊनच मी ती यादी केली होती. सातही कागद आले असते तर आठवा काय मागायचा, हेही मी ठरवून ठेवले होते.

तेथील थंडी, अंधार, परकी भाषा, कामावर गेलेली आई, ही कारणे मी लिहिली. ती खोटी नाहीत. पण खरे कारण मी लिहिले नाही. ते असे की, ही मुलगी गेल्यावर आमच्या घरात आम्ही दोघेच उरतो. सकाळी शाळेत सोडायचे कोणी नाही, संध्याकाळी बोडीवरून हाक मारून आणायचे कोणी नाही. अर्जाच्या नमुन्यात या गोष्टीसाठी जागा नसते.

५. हर्षा दि. ४ जानेवारीस आली. दि. ५ रोजी आम्ही दोघे शाळेत गेलो. मुख्याध्यापिका रीता मॅडम यांनी माझ्याकडे पाहिले आणि आक्षेपाची प्रत तिच्यासमोर ठेवली. तिने खालची सही वाचण्याआधीच ओळखले. पहिलीपासून तिचे सर्व अर्ज मीच लिहीत आलो, माझे अक्षर तिला माहीत आहे. तिने कागद घडी करून मॅडमना परत दिला.

परतताना रस्त्याने ती म्हणाली, “तीन वर्षांपासून मी तिथं कागदच देऊन राहिली बाबा. हे घर पाहिजे, तो पगार पाहिजे, हे सर्टिफिकेट पाहिजे. मले वाटे, आपल्या घरी गेली का कोनी कागद नाही मांगनार.”

मी म्हणालो, “पोरीच्या भल्यासाठी केलो.”

ती म्हणाली, “मागं घ्या.”

मी म्हणालो, “विचार करतो.”

तिने पुन्हा विनवले नाही. उरलेले दिवस ती फोनवर जर्मनीहून कागद मागवत राहिली. चार आले. निघण्याच्या दोन दिवस आधी तिने मला विचारले, “दाखल्याबिगर नेलं तं चालंल का?” मी सांगितले की चौकशी सुरू असताना नेले तर पुढे अडचण होईल. आक्षेप माझा आहे हे तिला ठाऊक होते, तरीही नियम मी खरा सांगेन असा तिचा विश्वास होता. असा कोणताही नियम मला माहीत नाही. मी तो त्या क्षणी तयार केला.

६. दि. १८ जानेवारीस आम्ही सगळे हर्षाला पोहोचवायला साकोलीच्या बसस्टँडवर आलो. खुशबू येत नाही, हे खुशबूला कोणीच सांगितले नव्हते. हर्षाला वाटले मी सांगितले असेल. मी सांगितले नव्हते. खुशबूने वच्छलाने विणलेले स्वेटर घातले होते, दप्तरात दोन फ्रॉक आणि कंपासपेटी होती. नागपूरची बस लागताच ती आईच्या आधी चढली आणि खिडकीजवळ जागा धरून बसली. हर्षाने माझ्याकडे पाहिले. मग तिने तोंड फिरवले.

मी वर चढून खुशबूला उचलले. कंडक्टर घंटी न मारता थांबला. मुलीने हातपाय झाडले नाहीत, ती रडलीही नाही. खाली उतरवल्यावर तिने मला विचारले, “आबा, मी काई चुकली का?”

मी तिचे दप्तर माझ्या खांद्याला अडकवले. बस गेली.

७. तेव्हापासून खुशबू आईच्या फोनवर येत नाही. “अभ्यास हाये,” म्हणते आणि पुस्तक उघडून बसते. हर्षा म्हणते, “राहू द्या, जबरीनं नका बलावू.” स्वतःबद्दल विचारले की ड्युटीचे सांगते. त्या खोल्यांचे, पलंगाचे नाव काढत नाही. तिने मला एकदाही रागाने काही म्हटले नाही. वच्छला मात्र म्हणाली. आक्षेप माझा होता, हे तिला बसस्टँडवरून परतताना मी सांगितले; तोवर कार्यालयानेच कागद मागितले असे तिला वाटत होते. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढून समोर बसली व म्हणाली, “आपली लेक तिकडं एकटी तीन वर्ष आफिसायपुढं हात जोडून उभी राहिली. इथं आली तं बापानंही टेबल मांडलं.” मी जेवण तसेच ठेवून उठलो.

नंतर तीच म्हणाली, “मलेही पोरगी पाहिजे होती. पन मी काई अर्ज केली नाही.”

८. तरी आपणास विनंती की, माझा दि. २९/१२/२०२५ चा आक्षेप बिनशर्त रद्द समजावा, त्यात मागितलेल्या सातही कागदांची आवश्यकता नाही असे नमूद करावे व कु. खुशबू हिचा दाखला देण्याबाबत शाळेस कळवावे. व्हिशाप्रमाणे तिने १५ मार्चपूर्वी तेथे पोहोचणे आवश्यक आहे. हर्षाला पुन्हा सुट्टी नाही. तिच्यासोबत काम करणारी गोंदियाची चंद्रकांता ही परिचारिका दि. ८ मार्चला गावाहून परत जात आहे. हर्षाच्या संमतीने ती मुलीला सोबत नेणार आहे. त्यामुळे दाखला फेब्रुवारीअखेर मिळावा. खोटा आक्षेप घेतल्याबद्दल माझ्यावर जी कार्यवाही करणे योग्य वाटेल ती करावी; माझे काही म्हणणे नाही. मात्र त्या कार्यवाहीसाठी दाखला थांबवू नये.

खुशबूला मी काल संध्याकाळी सांगितले. मी चुकलो, तू नाही, असे सांगितले. तिने विचारले, “आता खरंच जायचं का?” मी होय म्हणालो. ती म्हणाली, “मंग तुमी बसमंधून नका उतरवू.” नागपूरच्या विमानतळापर्यंत मी सोबत जाणार आहे. आतमध्ये सोडत नाहीत, असे ऐकतो.

९. शेवटी एक लहान विनंती. दाखल्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. तेथे ‘परदेशी स्थलांतर’ असे लिहिण्याची पद्धत असेल. नियमात बसत असल्यास तेथे ‘आईकडे राहावयास जात आहे’ एवढेच लिहावे. हा कागद पुढे तिच्याच जवळ राहणार आहे. मोठेपणी तिने तो काढून वाचला, तर आपण घर सोडून गेलो असे तिला वाटू नये.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र व चुकलेला अर्जदार,

(डोमा लक्ष्मण शहारे)
एकोडी, दि. १६/०२/२०२६

सहपत्रे :
१) संदर्भीय आक्षेप अर्जाची पोच, मूळ प्रत.
२) कु. खुशबूच्या व्हिशाची छायाप्रत.
३) सौ. वच्छला डोमा शहारे यांचे संमतीपत्र. मजकूर त्यांनी स्वतः सांगितला असून मी त्यात एकही शब्द घातलेला नाही.
४) श्रीमती हर्षा इश्वर नंदेश्वर यांचे चंद्रकांतासोबत मुलीस पाठवण्याबाबतचे पत्र.

प्रत माहितीसाठी : श्रीमती हर्षा इश्वर नंदेश्वर, जर्मनी, यांना टपालाने. फोनवर वाचून दाखवण्याचा प्रयत्न केला; पहिल्या परिच्छेदापुढे वाचता आले नाही.