विझलेल्या दिव्याचा सत्कार

प्रताप नगर, नागपूर
दसऱ्यानंतरचा दहावा दिवस, १९७७

तीर्थरूप मामाजी,

ओमप्रकाशचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडले आहेत, पण दात आवळले आहेत.) मामीची तब्येत कशी आहे? टाके दुखून नाही राहिले ना? भाकर जाते का पोटात? विहिरीवरची मोटर सुरू झाली का? इकडे सगळे मजेत आहेत, एक मी सोडून. मी जबरदस्त रागात आहे, आणि राग तुमच्या पत्राचा आहे.

काय लिहिलं तुम्ही? "भाच्यानं नऊ दिवस दिव्याले डोळ्यात तेल घालून जपलं म्हणून माझी गोपिका वाचली. भाऊबीजेले देवळात शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार करतो." आईनं हे पत्र भिंतीवरून शेजारच्या अंजनाबाईले मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. ही अंजनाबाई मले आजवर 'इंग्रजी शाळेतलं बिनकामाचं पोट्टं' म्हणत होती. काल तिनं माझा हात उचलून आपल्या नातवाच्या डोक्यावर ठेवला. नातू भोकाड पसरून रडला. लेआउटच्या सगळ्या वस्तीत माणसाची पारख त्या एकट्यालेच आहे.

आता खरं काय झालं ते ऐका. तुमच्या घरचा नवरात्राचा अखंड दिवा यंदा आमच्या घरी बसला, कारण मामी इथं दवाखान्यात आणि तुम्ही तिच्या उशाशी. दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच काम. आई डबा घेऊन दवाखान्यात जाय, तेव्हा ड्युटी माझी. आता मी सायन्सचा विद्यार्थी. मले वाटलं, दर तासाले वाटीनं तेल ओतत बसणं म्हणजे मागासलेपणा. मी कंपाउंडरकडून सलाइनची रिकामी बाटली आणि नळी मागून आणली, बाटली धुतली, तेल भरलं, खिडकीच्या गजाले उलटी टांगली आणि नळी सोडली दिव्यात. मिनिटाले किती थेंब, त्याचा ग्राफसुद्धा काढला. (ग्राफ चांगला होता. अजून आहे.) पण तेल पडलं घट्ट, सुईतून उतरेचना. मग मी सुई काढून टाकली.

अष्टमीचा दिवस, दुपारचे बारा. तिकडे मामीले ऑपरेशनले आत नेलं असेल, आणि इकडे मी काय करून राहिलो होतो? भिंतीपाशी उभा राहून अंजनाबाईले 'ऑटोमॅटिक भक्ती' समजावून सांगत होतो. ती म्हणे, "काहून रे, देवीले सलाइन लावलं का?" मी म्हटलं, "काकू, तुम्हाले नाही समजणार." परत येऊन पाहतो तर बाटली रिकामी, तेल रांगोळीवरून वाहत घटापर्यंत गेलेलं आणि वात बुडून थंड. धूरही नव्हता, मामाजी. म्हणजे विझून गंज वेळ झाला होता.

चार काड्या मोडल्या, पाचवीनं दिवा लावला, आईच्या जुन्या लुगड्यानं तेल पुसलं आणि देवीपुढं डोकं टेकलं. खरं सांगतो, माझा विश्वास म्हणजे परीक्षेच्या आठवड्यापुरता. देवीले मी सरळ म्हटलं, "तू असशील, मले खात्री नाही, पण असशील तर सजा मले दे, मामीले हात लावू नको." दोन तास तिथून उठलो नाही. मग आई आली, हसत. "झालं रे बाप्पा, चांगलं झालं ऑपरेशन!" आणि मले पोटाशी धरलं. माझ्या अंगाले तेलाचा वास येत होता, तर म्हणते, "किती सेवा केली माझ्या लेकरानं!"

मामाजी, हे काय चाललंय? मी सजेची वाट पाहून राहिलो. मुद्दाम ब्रेक नसलेली सायकल चालवली, साधी पंक्चर नाही. फिजिक्सच्या पुरवणी परीक्षेचा निकाल लागला, त्यातही पास! आमच्या मिशनच्या शाळेत छडी तरी हिशोबानं मिळे. जितकी चूक, तितका मार. इथं काही नियमच नाही. अशा दरबारात माणसानं तोंड कसं दाखवावं? तर सत्कार रद्द करा. नाही केला, तर देवळात सगळ्यांसमोर मी हेच बोलणार.

तुमचा (लायकी नसलेला) भाचा,
ओमप्रकाश

ता. क. – मामीले हे तुम्हीच सांगा. माझ्यानं होत नाही. तिले राग आला तर भाऊबीजेले मी दोन थापडा खाऊन घेतो. येतोच आहे.

ता. क. २ – पत्र डकवायले डिंक आणायले गेलो, तेवढ्यात आईनं ते वाचलं. मले वाटलं, आता झाडू येते. ती मटकन खाली बसली न् म्हणाली, "पंचमीले माझ्या पदराच्या वाऱ्यानं विझला होता रे. मी गुपचूप लावला. पंधरा दिवसांपासून घास उतरून नाही राहिला." मग डोळे पुसून माझ्यावरच भडकली, "अन् तू काहून एकटा कुढत बसला? देवीले काय अंधारात दिसत नाही?" आम्ही दोघं जेवलो. ती दोन भाकरी जास्त.

ता. क. ३ – खरं काम राहिलंच. सजा मिळेना म्हणून मी स्वतःच संत्री खाणं सोडलं होतं, हे समजून आईनं तो नेम आजच मोडायले लावला. तर तुमच्या मळ्यातली टोपलीभर एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवा. अजून पिकली नसतील, आंबट असतील. तशीच पाठवा. थोडी तरी सजा पाहिजे ना.