शिफारशीचा रकाना

बाबा, आज दुपारी ठाण्यातून एक नाव भंडाऱ्याला पाठवलं. उपनिरीक्षकाच्या प्रशिक्षणासाठी खात्यातल्याच शिपाई-हवालदारांमधून माणसं निवडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी ठाणेदार नाव सुचवतो, मग जिल्हा कार्यालय सेवापुस्तक तपासतं, त्यानंतर मैदान, लेखी, मुलाखत. बरेच जण मैदानापर्यंत पोचतच नाहीत, कागदावरच गळतात. तुम्ही तसेच गळलात. आता ठाणेदार मी आहे.

तुमचं नाव गेलं होतं तेव्हा मी सातवीत होतो. आई चुलीवरचा भात उतरवते आहे, तुम्ही दारात बूट काढता काढता सांगता की यादीतून नाव कापलं. त्याआधी एकदा आईला ताप होता, त्या दिवशी तुम्ही ड्युटीवर उशिरा पोचलात, आणि हजेरीची वही तुमच्याच ताब्यात असूनही स्वतःच्या नावापुढे 'उशिरा हजर' लिहिलंत. त्यावर शेरा बसला होता. "पेन तुमच्याच हाती होता, मंग काहून लिवलं?" आई विचारते. तुम्ही म्हणता, "दुसऱ्याचं लिवतो न मी. माहं कोन लिवन?" "मोठे साहेब व्हाले निघाले होते! बसा आता जेवाले, हवालदारसाहेब." मला तेव्हा तुमचा राग आला होता.

मी नाव पाठवलं ते इथल्याच एका महिला शिपायाचं. कोंढा गावची मुलगी. मागल्या वर्षी आठवडी बाजारात बंदोबस्ताला होती. तिचा फोन आला, "सर, अड्याळची एक म्हातारी चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेऊ काय?" मी "ने" म्हणालो. तेवढ्यात वरचे साहेब फेरीवर आले आणि त्यांना तिची जागा रिकामी दिसली. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, न विचारता गेली. नंतर तिला बोलावून सांगितलं, "चूक झाली असं लिहून दे, मिटून जाईल." तिनं उभ्या उभ्या लिहून दिलं. मिटलं नाही. सेवापुस्तकात ठपका चढला.

आज अर्ज भरताना ती समोर होती. 'शिक्षा झाली आहे काय' या रकान्यापाशी मी थांबलो. "होय लिवा, सर. लपवलं तं अजून फसन," ती म्हणाली. मग हसली. "म्हातारी मात्र टणटणीत आहे. मलेच वांगे इकते, भावबी कमी नाही करत." मी 'होय' लिहिलं. खाली ठाणेदाराच्या अभिप्रायाला जागा होती. ती माझ्या परवानगीनं गेली होती, हे तिथं एका ओळीत मावलं असतं. मी लिहिलं, 'कर्तव्यदक्ष व शिस्तप्रिय. शिफारस.' वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष आहे. सॅल्यूट करून ती गेली.

तेव्हापासून तीनदा उठून व्हरांड्यात जाऊन आलो. तुमचं नुसतं उशिरा येणं होतं, माझं खोटं बोलणं आहे, चौकशी लागेल, असं स्वतःला समजावतो आहे. जिल्हा कार्यालयातला बाबू सहापर्यंत बसतो. 'दुरुस्तीचं पत्र पाठवतोय, तोवर कागद थांबवा,' एवढंच त्याला फोन करून सांगायचं आहे. साडेपाच होऊन गेलेत. बाबा, तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलो, असं नाही. लिहीत असेपर्यंत फोन उचलावा लागत नाही.