हिरवळीवरचे पिवळे डाग

सुमन,

मी सांगवीला जाते आहे, मोतीला परत आणायला. हिरवळीवरचे पिवळे डाग त्या कुत्र्यामुळं पडलेले नाहीत. पाय शेकून झाले की मिठाचं पाणी मीच तिथं ओतत होते. परवा त्याला सोडून यायला जीपमध्ये घालताना जोतीरामनं विचारलं, "आई, ह्यानंच नासधूस केली, व्हय ना?" मी "व्हय" म्हणाले. मोती माझ्याकडंच बघत होता.

डागांवर भरपूर पाणी सोड. मोतीला लघवीला घरामागच्या वाळूत जायची सवय मी लावीन, म्हणजे पुन्हा त्याच्यावर आळ यायला नको. जोतीरामला ही चिठ्ठीच दाखव, तोंडानं सांगायला मला जमणार नाही.

कंडक्टर कुत्र्याला गाडीत घेणार नाही, म्हणून येताना आम्ही चालत येऊ. लहानपणी मेंढरांमागं कुत्र्यासोबत याहून लांब चालले आहे. दिवेलागणीला माझ्या पायांसाठी पाणी तापवून ठेव. मीठ घालू नकोस.

आई