बोट सोडल्यावरही फिरणारी साखळी

बुधवार, तारीख ९

विसरभोळ्या नातवास आजीचे आशीर्वाद.

अक्षर मला येत नाही. तुला येतं, हे विसरलास की काय? दोन महिन्यांत एक ओळ नाही. मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. मधूनमधून नाक मुरडतेय, तेही तिलाच लिहायला लावलंय.

इकडे सगळं ठीक. मांजरीने तुझ्या जुन्या बुटांत पिल्लं घातलीत.

तुझ्या आजोबांनी लाकूडवाल्याकडून झाडं कापायचा एक जुना चेनसॉ आणलाय. सुरूच होईना. प्लग पुसला, ठिणगी पडतेय. कार्बोरेटर उघडून साफ केला, फिल्टर बदलला. आठ दिवस दोरी ओढून खांदा भरून आला. शेवटी म्हणाले, "यंत्र बरं आहे. माझंच डोकं चालेनासं झालंय."

ते मला फार लागलं. कारण पेट्रोलच्या कॅनमध्ये तांब्याभर पाणी मीच ओतलं होतं.

तुझी आई थांबलीय. लिही गं, डोळे नंतर वटार.

परवा त्यांनी कॅनमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरलं. तळाशी पाणी. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झाकण सैल असेल." बस, एवढंच. चाळीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नवं पेट्रोल आणलं, तेल मिसळलं आणि दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं. पण खटक्यावरचं बोट सोडलं तरी साखळी फिरतच राहिली. क्लचची स्प्रिंग ढिली झालीय म्हणे. "सोमवारपुरती चालेल." सोमवारी शेजारच्या छपरावर कललेलं झाड कापायचंय. शिडीवर चढून.

"मग नको म्हणायचं होतं, पाणी कशाला?" तुझी आई विचारतेय. तर ऐका दोघं. गेल्या महिन्यात पाण्याच्या पंपाच्या तापलेल्या सायलेन्सरवर त्यांचा उजवा हात टेकला आणि तिथेच राहिला. ते माझ्याशी गप्पा मारत होते. करपल्याचा वास मला आधी आला. त्यांना काही कळलंच नाही. तुझ्या आईला 'गरम पकड लागली' असं सांगितलं आणि मला कुणाला न सांगण्याची शपथ घातली. म्हणून कागदाला सांगतेय. तुझ्या आईच्या कानांना इलाज नाही.

हसून बोलतेय खरी, पण मागच्या खोलीत ते यंत्र सुरू झालं की मी भिंत धरून उभी राहते. ते बंद होऊन त्यांचा खोकला ऐकू येईपर्यंत.

शनिवारी ये. नवी स्प्रिंग घेऊन ये. हाताचं काही विचारू नकोस. म्हण, मला शिकायचंय. शिडीवर हात तुझे, खाली तोंड त्यांचं. डॉक्टरकडे मी नेते त्यांना, आधी ते यंत्र हातातून सुटू दे.

तुझी,
झाकण खोटंच सैल करणारी आजी

ता. क. पत्र घेऊन येणारा ट्रकवाला उद्याच परत फिरेल. त्याच्याकडे बिया काढलेला खजूर आणि जाड बिस्किटं दे. डाव्या हाताने खाता येईल, सांडणार नाही असंच पाठव. हल्ली ते आमच्यासमोर जेवत नाहीत.